अक्षरांची बोळवण

पिंपरी,
ता. ११ नोव्हेंबर १९५७

दत्तोबास मालोजीचा रामराम.

बार्शीहून निघून मला पाच महिने झाले आणि हे पहिलंच पत्र, त्याबद्दल शिव्या द्यायच्या तर दे. कागद तीनदा आणला. दोनदा शालनने त्यावर रेघोट्या मारल्या. शालन म्हणजे आपल्या ज्योतीरामची मुलगी, माझी नात. तू तिला पाळण्यात पाहिली होतीस. आता पाच वर्षांची आहे आणि माझ्यापेक्षा जास्त बोलते. ज्योतीराम इथल्या औषधाच्या कारखान्यात लागला आहे. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे घरात कधी जेवायचं आणि कधी खोकायचं हेच मला समजत नाही. सूनबाई विमल मायाळू आहे, पण मी खाटेवर बसलो की तिला खाटेखालचं झाडायचं असतं, आणि दारात उभा राहिलो की उंबरा पुसायचा असतो. एकूण मी कुठे असावं हे कुणाचंच ठरलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. तुला न विचारता मी एक काम केलं आहे. ते बरोबर की चूक, ते तू सांग.

आमच्या चाळीच्या टोकाला पत्र्याची एक शेड आहे. तिथे बालवाडी भरते. कामगारांची आणि बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या बायांची पोरं तिथे ठेवतात. सुमनताई नावाची पुण्याची मुलगी ती चालवते. हाताखाली नदीपलीकडच्या रहाटणीची सावित्रीबाई आहे. मी शालनला सोडायला गेलो, तर वीस-बावीस पोरं एका सुरात रडत होती. सुमनताई फळ्यावर ‘क’ काढून उभी, आणि तिचेही डोळे भरलेले. सावित्रीबाई माझ्यावरच ओरडली, “आवो बाबा, नुसतं काय बगत हुबं ऱ्हायलाय? एखादं घ्या की कडंवर!”

कडेवर घ्यायला माझी कंबर कुठे आहे? शेजारी डालड्याचा रिकामा डबा होता. दोन काटक्या उचलल्या आणि संबळावर आपण गोंधळाच्या सुरुवातीला वाजवतो तो तुकडा त्या डब्यावर वाजवला. दत्तोबा, सगळी पोरं एकदम गप्प. एकाच्या नाकातला शेंबूडसुद्धा जागच्या जागी थांबला.

दुसऱ्या दिवसापासून संबळ घेऊन जातो. मी मराठी तिसरी शिकलेला, मी काय शिकवणार? पण जमिनीवर रांगोळीने हातभर मोठं अक्षर काढतो, जसा गोंधळात देवीपुढे चौक काढतो तसं. पोर त्या रेघेवरून पाय टाकत चालतं आणि मी वाजवतो. रेघ वळली की ठोका वळतो, रेघ संपली की ठोका बंद. आणि आधी प्रत्येकाचं नावाचं अक्षर. एका पोराला पाटी देऊन दाराबाहेर उभं करायचं. आपण गोंधळात गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावतो ना, त्याच चालीवर बाकीच्यांनी बोलवायचं, “शालनच्या श, ये रे ये, वाट बघतो, आत ये.” मग शालन श घेऊन आत येते, आणि पोरं टाळ्या वाजवतात. दुर्गाबाई म्हणून बीडकडची एक विधवा बाई बांधकामावर आहे. तिची सोजरा तर आत आली की देवीसारखी मधोमध उभी राहते आणि हलत नाही. तिला ढकलावं लागतं.

पण दिवटी पेटवलेली नसते. कलश नसतो. देवांना बोलवायच्या चालीवर मी अक्षरं बोलावतो. हे चालतं का? मला झोप नाही.

मालोजी वनारसे

*

बार्शी,
ता. २४ नोव्हेंबर १९५७

नाईकसाहेब,

पत्र पोचलं. तू मेळाचा नाईक, आणि तीस वर्षं मी तुझ्यामागे तुणतुणं धरून उभा राहिलो, तेव्हा माझ्या एका विनोदाला तू टाळी दिली नाहीस. आता बावीस पोरांच्या टाळ्या घेतोस. चांगलं आहे.

चालतं का म्हणून विचारतोस. अरे, देवीला काय, तिला बोलावणाऱ्याचा आवाज बरा लागला तर ती येते. तुझा ऐकूनही यायची, म्हणजे तिची सहनशक्ती बघ. अक्षरं तर गरीब आहेत, ती येणारच. पण आपल्या घराण्याचा नियम विसरू नकोस. ज्याला बोलावलं त्याची बोळवणही करावी लागते. तू वर्षभर अक्षरं बोलावत बसशील आणि निरोप एकालाही देणार नाहीस. मग बावन्न अक्षरं ताटं घेऊन विमलच्या चुलीपुढे बसतील. बाकीची तरी उठतील, पण ‘ढ’ काही हलायचा नाही. त्याला तुझ्यात घरचं माणूस दिसेल.

कौशल्याचे गुडघे दुखतात. माझा आवाज बरा आहे, पण ऐकणारे कमी झालेत.

दत्तोबा

*

पिंपरी,
ता. ८ डिसेंबर १९५७

दत्तोबास रामराम.

तुझं पत्र वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. तू चेष्टेने लिहिलंस हे समजलं. पण नियम तर खराच आहे. चौकातल्या देवांना निरोप दिल्याशिवाय आपण कधी उठलो आहोत का? माझ्या ध्यानातच आलं नाही. चौदा अक्षरं बोलावून झाली आणि बोळवण एकाचीही नाही.

आता अडचण अशी. बोळवण केली तर अक्षरं जातील. मग पोरांच्या डोक्यातूनही जातील का? सोजराला आता ‘सो’ ओळखता येतो. परवा तिने सावित्रीबाईच्या लुगड्याच्या काठावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हितं सो हाय.” नव्हता, वेल होती. पण शोधत तर होती. हे मी माझ्या हाताने पुसायचं? आणि नाही पुसलं तर? बोळवण त्याच दिवशी करायची की वर्षाच्या शेवटी? आपल्या वडीलधाऱ्यांनी अक्षरं कधी बोलावली नव्हती, त्यामुळे कुणी सांगून ठेवलेलं नाही. सुमनताईला विचारलं, तर ती हसली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही फार गोड बोलता.” यात गोड काय आहे?

लवकर कळव.

मालोजी

*

बार्शी,
ता. २७ डिसेंबर १९५७

नाईक,

पाहुणे आहेत तर राहू देत. थंडीच्या दिवसांत कुणी पाहुण्याला बाहेर काढतं का? शिमग्यापर्यंत ठेव, मग पुरणपोळी खाऊ घालून वाटेला लाव. आणि तू जरा हसत जा. तिसरीत नापास झालास तेव्हाही तुझं तोंड असंच होतं.

दत्तोबा

*

पिंपरी,
ता. १९ फेब्रुवारी १९५८

दत्तोबास मालोजीचा रामराम.

दोन महिने लिहिलं नाही. तू शिमग्यापर्यंत म्हणालास म्हणून निश्चिंत होतो. ती चूक झाली.

बालवाडीत गोवर आला आहे. आधी एका पोराचे डोळे लाल झाले, मग तिघांना ताप, आता नऊ जण घरी पडून आहेत. सावित्रीबाई कपाळाला हात लावून म्हणाली, “गवराच्या बाया आल्यात बगा. कुनी बोलिवल्यात त्यास्नी देव जाणं.” तिने सहज म्हटलं. मी संबळाच्या काठ्या खाली ठेवल्या.

कुणी बोलावल्या ते मला माहीत आहे. तीन महिने देवांना बोलवायच्या चालीवर मी रोज हाक मारली. दिवटी नाही, चौकात कलश नाही, कुणाचं नाव घेतो आहे ते देवांना तरी कसं कळावं? दार उघडं, हाक चालू, बोळवण नाही. आल्या.

कारखान्याच्या दवाखान्यातला डॉक्टर आला होता. तरुण आहे, घाईने बोलतो. तो म्हणाला, बाया वगैरे काही नाही, हा रोग जवळजवळ बसल्याने एका पोराचा दुसऱ्याला लागतो. मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो आणि विचार केला. आधी पोरं कोपऱ्याकोपऱ्यात रडत बसायची. त्यांना गोल करून गुडघ्याला गुडघा लावून कुणी बसवलं? म्हणजे सावित्रीबाईचं खरं धरलं तरी मीच, आणि डॉक्टरचं खरं धरलं तरी मीच.

आठ दिवस झाले, मी जात नाही. सुमनताई घरी आली. मी विमलला सांगायला लावलं की कंबर धरली आहे. आतून ऐकत होतो. ती म्हणाली, “आहेत ती पोरं सारखी विचारतात, संबळबाबा कुठे गेले.” विमलने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

शालन अजून बरी आहे. तिला घरातच ठेवली आहे. ती ताटावर चमच्याने तीच चाल वाजवते. मी चमचा काढून घेतला, तर रडली.

बोळवण करू का? कशी करू? बायांची करायची की अक्षरांची? दोन्ही एकच आहेत का? मला काही सुचत नाही. तूच यातलं जाणतोस.

मालोजी

*

बार्शी,
ता. २७ फेब्रुवारी १९५८

मालोजी,

मी चेष्टा केली होती. पहिलीही आणि शिमग्याचीही. तसा काही नियम नाही. पोरांना जपा, उजेडात ठेवू नका, पाणी भरपूर द्या, डॉक्टर सांगेल ते करा. गोवराबद्दल मला यापुढे लिहू नकोस.

दत्तोबा

*

पिंपरी,
ता. ८ मार्च १९५८

दत्तोबास रामराम.

तुझं पत्र दहादा वाचलं. तीस वर्षांत तू मला नुसतं ‘मालोजी’ कधी म्हटलं नाहीस. नाईक म्हणायचास, नाहीतर शिवी द्यायचास. चार ओळींत तू पत्र संपवलंस आणि हा विषयही नको म्हणालास. त्यावरून मी समजलो. तू चेष्टा केली म्हणतोस ते मला धीर यावा म्हणून. गोष्ट हाताबाहेर गेली आहे आणि तुला ते लिहवत नाही.

पत्र आलं त्याच दिवशी शालनला ताप भरला. कानामागे पुरळ दिसलं.

मग मी थांबलो नाही. भर दुपारी संबळ घेतला, कडुलिंबाचा डहाळा घेतला आणि शेडवर गेलो. पोरं कमी झाल्यामुळे सुमनताईने बालवाडी आठ दिवस बंद ठेवली होती. किल्ली सावित्रीबाईकडे. ती म्हणाली, “बंद शाळंत काय वाजवायचं हाय, बाबा?” मी म्हटलं, निरोप द्यायचा आहे. तिने कुलूप काढलं आणि पदर घेऊन दाराशी बसली.

जमिनीवर एकेक अक्षर रांगोळीने काढलं. संबळावर तो शेवटचा तुकडा वाजवला, ज्यावर आपण उठतो. मग लिंबाच्या डहाळ्याने अक्षर पुसलं आणि म्हटलं, आलात, मान दिला, आता आपल्या गावी जा. असं एकेक. गणपतचा ग गेला. बायजाचा ब गेला. सोजराचा स काढला तेव्हा हात थांबला, कारण सोजराही पडली आहे आणि तिचा ताप उतरत नाही. पण मनाला म्हटलं, तिच्यासाठीच तर हे करायचं. स पुसला.

शेवटी श राहिला.

दत्तोबा, तो मी पुसला नाही. शालनला काय येतं? एवढं एकच अक्षर तिला पुरतं येतं. ते पुसून उद्या ती उठली आणि तिला स्वतःचंच अक्षर ओळखू आलं नाही तर? मी रांगोळीतला श तसाच ठेवला आणि बाहेर आलो. सावित्रीबाईने आत डोकावून बघितलं. म्हणाली, “ह्ये एक ऱ्हायलं की.” मी म्हटलं, राहू दे.

ही गोष्ट चार तारखेची. आज आठ. शालनचा ताप काल एकशेचारवर होता. तिला श्वास घेताना त्रास होतो. विमल तिच्या उशाशी बसते आणि माझ्याकडे बघत नाही. तिला काही माहीत नाही, पण मला वाटतं माहीत आहे. बाकीच्यांची बोळवण केली आणि आपल्या नातीची लोभाने ठेवून घेतली, त्याचंच हे फळ, असं एक मन म्हणतं. शेडवर जाऊन श पुसावा म्हणून दोनदा उठलो. दुसरं मन म्हणतं, श पुसला आणि त्याच्यासोबत तीच गेली तर?

तू सांगशील तसं करतो. पुसू की ठेवू? पत्राला वेळ लागेल. तार कर. एकच शब्द पाठव.

मालोजी

*

बार्शी,
ता. ११ मार्च १९५८

मालोजी,

तार करायला पोस्टात गेलो होतो. एका शब्दात बसेना. म्हणून हे लिहितो आहे, आणि आमचा पुतण्या आज पुण्याला निघाला आहे, त्याच्या हाती देतो. तो तुझ्या घरी आणून देईल.

तुला आठवतं, माझी मंजुळा गेली ते? मी नंतर तुला आणि आपल्या मेळातल्या सगळ्यांना सांगितलं, मामाच्या घरी खोकला झाला आणि गेली. ते खोटं होतं. ती इथेच गेली, बार्शीत, माझ्या मांडीवर. गोवर निघाला होता. सहा वर्षांची होती.

आम्ही सगळं केलं. कौशल्याने सात दिवस घरात फोडणी दिली नाही, केस विंचरले नाहीत. दाराला लिंब बांधला. डाग मावळले तेव्हा बायांची बोळवण केली. दहीभात, ओटी, बांगड्या, हळदकुंकू, एक गोष्ट चुकली नाही. मी स्वतः टोपली डोक्यावर घेऊन शिवेवर ठेवून आलो आणि मागे वळून बघितलं नाही. घरी आलो तर तिला पुन्हा ताप. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

तिसऱ्या दिवशी वैरागच्या देशमुखांकडे लग्नाचा गोंधळ होता. सुपारी आपण आधीच घेतली होती. मला सुतक होतं. सुतकात गोंधळ्याने देवीपुढे उभं राहायचं नसतं, हे पोरालाही माहीत आहे. मी उभा राहिलो. तू पंधरा दिवस सासुरवाडीला होतास आणि तिथून थेट वैरागला आलास; तुला सांगितलं नाही, कारण तू मला परत पाठवलं असतंस. का उभा राहिलो ते मला आजवर उमगलेलं नाही. एवढंच वाटत होतं की घरी बसलो तर ती गेली हे खरं होईल. त्या दिवशी मी मंडळींना इतकं हसवलं की एक म्हातारी पोट धरून आडवी झाली. तू म्हणालास, “दत्त्या, आज तुझ्या अंगात काय आलंय?” माझ्या अंगात काही आलं नव्हतं, मालोजी.

त्याला सत्तावीस वर्षं झाली. आता हिशोब तूच लाव. सगळं यथासांग केलं, तिथे पोर गेली. सुतकात देवीपुढे नाचलो, तिथे माझ्या जिभेवर फोडही आला नाही. देवी बोलावल्याने येत असती आणि चुकल्याने रागावत असती, तर सगळ्यांच्या आधी माझ्यावर रागावली असती. मी वाट बघत होतो. दोन-तीन वर्षं रोज वाट बघितली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

म्हणून तू गोवराचं लिहिलंस तेव्हा माझ्याच्याने पुढे वाचवलं नाही. माझ्या त्या चेष्टेमुळे तू हे सगळं ओढवून घेतलंस, हे कळलं, आणि मी चार ओळी लिहून पळालो.

श राहू दे नाहीतर पुसून टाक. त्याने काही होत नाही. जाऊन नातीजवळ बस. भिंतीकडे बघू नकोस.

कौशल्याला मी हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, मंजुळाचं नाव तुम्ही एवढ्या वर्षांनी घेतलंत.

दत्तोबा

*

पिंपरी,
ता. २ एप्रिल १९५८

दत्तोबास मालोजीचा रामराम.

तुझा पुतण्या पत्र घेऊन आला तेव्हा मी शालनजवळच होतो. पत्र वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडलं. त्या दिवशी वैरागला मी तुझ्या पाठीवर थाप मारली होती. कशी थाप मारली, कुठे मारली, सगळं आठवतं. काय लिहू? कौशल्यावहिनींना माझा नमस्कार सांग.

शालन बरी आहे. तेरा तारखेला तिला घाम फुटला आणि तिने भाकरी मागितली. हडकुळी झाली आहे, पण तोंड चालू झालं आहे.

सोजरा गेली. दहा तारखेला, सकाळी. मला दुपारी समजलं.

आता मला काहीच समजत नाही, दत्तोबा. जिच्या स ची बोळवण केली ती पोर गेली. जिचा श ठेवून घेतला ती राहिली. मी बोळवण केली ती कुणाची केली? तू म्हणतोस याने काही होत नाही. मी ते मानतो. दिवसा मानतो. मग जेवताना घास हातात घेतो आणि पुन्हा तेच मनात येतं.

बालवाडी पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमनताई मला न्यायलाच आली. या वेळी कंबरेचं सोंग चाललं नाही, कारण शालननेच सांगितलं, “आजोबांची कंबर चांगली आहे.” गेलो. मला वाटत होतं, बोळवण झाली आहे तेव्हा पोरांना काही येणार नाही. भीत भीत ग काढला. गणपत पुढे आला आणि मी वाजवायच्या आत चालून मोकळा झाला. बायजाने ब ओळखला, वर मला म्हणाली, “बाबा, तुमी पोट बारकं काढलंय.” खरंच बारकं होतं. सगळ्यांना सगळं येत होतं. मी ज्यांना निरोप दिला ती अक्षरं गेलीच नव्हती. मग मी त्या दुपारी एवढ्या गंभीरपणे कुणाशी बोलत होतो?

पण सोजराच्या जागी कुणी बसेना. पोरं गोल करतात आणि तेवढी जागा सोडतात. सुमनताई म्हणाली, राहू दे काही दिवस.

मग मी ठरवलं की दुर्गाबाईला सांगायचं. सगळं. चालीचं, बोळवणीचं, स पुसल्याचं, श ठेवल्याचं. नाहीतर रोज त्या रिकाम्या जागेसमोर बसून संबळ वाजवणं मला जमणार नाही. परवा दुपारच्या सुटीत ती बांधकामावर वाळूच्या ढिगाजवळ भाकरी खात बसली होती, तिथे गेलो. डोक्यावरची चुंबळ आणि वाळूची रिकामी पाटी शेजारी ठेवली होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू झालो नसतो.

तिने सगळं ऐकलं. भाकरी पुन्हा फडक्यात बांधली. मला वाटलं, आता शिवी देईल, आणि दिली असती तर मी ती घेतली असती. ती म्हणाली, “बाबा, माझं लेकरू तापात पडलं व्हतं तवा सारखं एकच बोलत व्हतं, सो आन् ज, सो आन् ज. मला वाटलं बरळतंय. ते काय व्हतं?”

मी म्हटलं, “तिचं नाव. तेवढं तिला येत होतं.”

“पुरं येत नव्हतं?”

“रा राहिला होता. त्याच आठवड्यात शिकवणार होतो.”

तिने फडक्याची गाठ घट्ट केली. वर मजूर पाट्यांसाठी हाका मारत होते. मग म्हणाली, “सोजराचा मामा कागद लिवतो मला. मला वाचता येत नाही, मुकादम वाचून दावतो. तिचं नाव कुठं लिवलंय तेबी मला दिसत नाही. तो रा मला शिकवा.”

मी म्हटलं, “बाई, मी पोरांना शिकवतो. मोठ्या माणसांना कसं शिकवायचं ते मला माहीत नाही.”

“मलाबी कुठं माहितंय कसं शिकायचं?”

रांगोळी नव्हती. मी वाळूतच हाताने र काढला. मोठा, हातभर. संबळ घरी होता, म्हणून तिच्याच रिकाम्या पाटीवर बोटांनी वाजवायला लागलो. पोरांसाठी जो ठोका वाजवतो तो हलका असतो, उड्या मारल्यासारखा. तो इथे कसा चालणार? देवीचा वाजवायचा नाही हे तर पक्कं होतं. कुठला वाजवावा ते मला समजेना. शेवटी जसा हात चालला तसा वाजवला. तिने पायातल्या वहाणा काढल्या, लुगडं जरा वर धरलं आणि त्या रेघेवर पाय ठेवला. दोन मजूर बघत होते. एकजण हसला, दुसऱ्याने त्याला कोपर मारलं.

ती अगदी हळू चालली. वळण आलं तिथे अडली. मीही ठोका अडवून धरला. मग वळली, शेवटपर्यंत आली आणि रेघ संपली तिथे दोन्ही पाय जोडून उभी राहिली. सोजरा राहायची तशी मधोमध, न हलता. मी वाजवणं थांबवलं.

तिने खाली वाळूकडे बघितलं आणि विचारलं, “ह्यो र झाला. आता रा कराया काय लागतं?”

मी म्हटलं, “शेजारी एक उभी रेघ लागते. तिला काना म्हणतात.”

“मग तुमी काढू नका,” ती म्हणाली आणि खाली बसून तिने स्वतःच्या बोटाने तो काना ओढला. वाकडा आला. मी तसाच राहू दिला.

मालोजी